जागेवर सील

"चपला हितंच काढा, सायेब. आन् काडीपेटी असंल तर ह्या गाडग्यात टाका."

बाभळीच्या काट्यांचं कुंपण, त्याला एक लाकडी फाटक आणि फाटकात अनवाणी उभा असलेला साठीचा दस्तगीर आतार. त्याच्यासमोर नायब तहसीलदार परांडेकर, म्हणजे आमचे रावसाहेब, पायात करकरीत बूट. त्यांच्यामागे सीलाची पेटी काखेत मारून हवालदार पिसाळ आणि सगळ्यांत मागे खांद्यावर मोजणीची साखळी घेतलेला मी.

"तू शासनाची झडती घेणार?" रावसाहेब म्हणाले.

"झडती न्हाई जी. आत दारू हाय. बुटाच्या खिळ्याची ठिणगी पडली तर शासन बी जाईल आन् मी बी जाईन."

पिसाळ खोकल्याचं निमित्त करून हसले. रावसाहेबांनी बूट काढले. डाव्या पायाच्या मोज्याला अंगठ्यापाशी मोठं भोक होतं आणि ते आम्ही तिघांनीही पाहिलं. त्या दिवसाचा निम्मा राग त्या भोकातून आला असावा, असं मला अजून वाटतं.

दारू म्हणजे शोभेची दारू. हिंगणमळ्याच्या भैरोबाची पालखी नळे आणि बाण उडाल्याशिवाय देवळाबाहेर पडत नसे, आणि ते नळे, बाण, चक्रं आताराच्या घरचीच असत. दस्तगीरच्या आजापासूनची ही सेवा. गावाबाहेरच्या माळावर त्याची कुडाच्या भिंतींची आणि पाचटाच्या छपराची शेड होती. भिंती मुद्दाम कच्च्या ठेवलेल्या. काही झालंच तर जाळ वर जावा, विटा माणसांच्या अंगावर येऊ नयेत म्हणून. पंधरा किलोपर्यंत दारू करण्याचा परवाना त्याच्याकडे होता, आणि तो काचेच्या चौकटीत घालून त्याने घरात लावला होता. जत्रा नऊ दिवसांवर आली होती.

या गोष्टीला तेहतीस वर्षं झाली. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो, भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक. साहेब लोक देवकाते म्हणत, गावचे लोक मोजणीदार म्हणत. नोकरी कायम व्हायची होती, लग्न ठरायचं होतं, आणि ही दोन्ही कामं एकमेकांवर अडली होती. त्यामुळे कुणाही साहेबाने 'उठ' म्हणायच्या आधी मी उभा असे.

आम्ही तिथे गेलो होतो ते तात्यासाहेब डुबलांच्या अर्जावरून. डुबलांनी तीन वर्षांपूर्वी त्याच माळावर 'शुभलक्ष्मी मंगल कार्यालय' बांधलं होतं. आता त्यांच्या लक्षात आलं होतं, की शेजारी दारूचं काम चालतं आणि वऱ्हाडी मंडळींच्या जिवाला धोका आहे. शेड चाळीस वर्षांची आणि कार्यालय तीन वर्षांचं, ही गोष्ट अर्जात नव्हती. ती कायद्यातही नव्हती. परवान्यातली अट एवढीच होती, की शेडपासून पंचेचाळीस मीटरच्या आत माणसं जमतात असं बांधकाम असता कामा नये. आधी कोण आलं, हे विचारायला कायदा काही वंशावळ काढत बसत नाही.

"मोजा," रावसाहेब मला म्हणाले.

मी साखळी सोडली, तसा दस्तगीर आडवा आला. "लोखान आत नगं, सायेब. फाटकापातुर साखळी धरा, आतलं ह्या दोरानं मोजा." त्याने काथ्याचा दोर आणून दिला. दोन्ही जुळवून मी अंतर काढलं. कार्यालयाच्या भिंतीपर्यंत भरलं सेहेचाळीस मीटर वीस सेंटिमीटर.

"म्हंजी बसतंय न्हवं कायद्यात?" दस्तगीरने विचारलं. त्याच्या तोंडावर एकदम जत्रा भरली.

"बसतंय," मी म्हणालो. हे एकच वाक्य त्या दिवशी मी मोठ्याने, कुणाला न विचारता बोललो.

रावसाहेबांनी कार्यालयाकडे बोट केलं. भिंतीला लागून डुबलांनी पत्रे आणि ताडपत्री टाकून स्वयंपाकाची पडवी काढली होती. तिला ना परवानगी, ना नकाशा. दुसऱ्या दिवशी साखरपुडा होता म्हणून तिथे तीन चुलाणं पेटली होती, आचारी बुंदी पाडत होते, आणि एका चुलाणावर आमच्यासाठी मटण शिजत होतं. वारा आमच्याकडे होता.

"तिथून मोजा."

"रावसाहेब, ती पडवी अनधिकृत आहे," मी हळूच म्हणालो. "आपल्या नकाशात नाहीच."

"नकाशात नसेल. डोळ्यांना दिसते ना? माणसं जमलीत ना तिथे? मोजा."

मोजलं. अडतीस मीटर साठ सेंटिमीटर.

म्हणजे झालं असं, की तीन चुलाणं बेकायदा पुढे सरकून दारूजवळ आली आणि त्याबद्दल दारू गुन्हेगार ठरली. जाळ करणारा सुटला आणि जाळाला भिऊन फाटकात काडीपेट्या गोळा करणारा सापडला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते हेच. मी वहीत आकडा लिहिला. सेहेचाळीस वीसचा आकडा आधी लिहिला होता, तो रावसाहेबांनी माझ्याच पेनाने खोडला.

"परवान्याच्या अटीचा भंग," ते म्हणाले. "पिसाळ, सगळा माल जप्त करा. देवकाते, तुम्ही सरकारी पंच. दुसरा पंच डुबलांचा मॅनेजर आहे, त्याला हाक मारा."

मॅनेजरने येऊन फाटकाबाहेरूनच सही करायला कागद मागितला. "कशावर सही?" असं पिसाळांनी विचारलं, तर म्हणाला, "जे काय असंल त्याच्यावर." सही करून तो मटणाकडे परतला. मला त्याचा फार हेवा वाटला.

माल म्हणजे चार पोती आणि सहा टोपल्या. कागदी नळे, बांबूच्या काड्या लावलेले बाण, चक्रं, आणि एका पोत्यात नुसती कुटलेली दारू. दस्तगीर एकेक वस्तू शेडसमोरच्या ओट्यावर अशी ठेवत होता, जशी बायका तान्हं पोर एका कुशीतून दुसऱ्या कुशीत देतात.

"रावसायब, एक इनंती," तो म्हणाला. "तुमाला न्यायचं तर न्या. पर कोरडं नेऊ नगा. जीप हादरती, रस्ता कसा हाय तुमी बघितलाय. पिपात पानी भरल्यालं हाय. मी सगळं भिजवून देतो. भिजल्यावर ह्यो नुसता चिखुल."

"आणि मग कोर्टात काय दाखवू, चिखल?" रावसाहेब म्हणाले. "पुरावा नष्ट केल्याचा आणखी एक गुन्हा लागेल तुला."

"मग मला लावा की. माझाच माल, माझाच गुन्हा."

"पिसाळ, सील करा."

आता सील कसं करतात, ते सांगायला हवं. पोत्याचं तोंड सुतळीने शिवायचं. गाठीवर पंचांच्या सहीची चिठ्ठी ठेवायची. मग मेणबत्ती पेटवायची, लाखेची कांडी तिच्यावर धरायची, लाख वितळून गाठीवर थेंब थेंब पडली की वरून पितळी शिक्का दाबायचा. चोरीची भांडी असोत, हातभट्टीची दारू असो की खुनाची कुऱ्हाड, कायद्याच्या ताब्यात आलेली प्रत्येक चीज अशीच सील होते. ही पद्धत ज्या कुणी घालून दिली, त्याच्या डोळ्यांपुढे कधी शोभेची दारू आली नसावी. किंवा आली असेल आणि त्याने म्हटलं असेल, हिंगणमळ्यात कोण जाणार मरायला?

पिसाळांनी पेटी उघडली. लाख काढली, शिक्का काढला, मेणबत्ती काढून ओट्याच्या कडेला उभी केली, आणि दारूच्या पोत्यापासून हातभर अंतरावर सरकारी काडीपेटीतली काडी ओढली. पंचवीस वर्षांच्या नोकरीत हजारदा केलेलं काम. त्यांचं डोकं त्यात नव्हतंच, नुसते हात होते.

दस्तगीरने दोन बोटं जिभेवर ओली केली आणि वात चिमटीत धरून विझवली.

"काय रे?" रावसाहेब ओरडले.

"जाळ हाय, रावसायब."

"मला दिसत नाही का जाळ आहे ते?"

"दिसतोय न्हवं? मग."

आपण काय करत होतो ते पिसाळांना तेव्हा कळलं. "रावसायब, दस्तगीरमामा म्हणतोय त्यात पॉइंट हाय. लाख आपन तिकडं हिरीपाशी वितळवू आन् पळत आणू."

आणि तसं खरोखर करून पाहिलं. विहीर साठ-सत्तर पावलांवर होती. पिसाळ तिथे मेणबत्तीवर लाख वितळवायचे आणि ती पळीत घेऊन, पोट सावरत, अनवाणी, सराट्यांतून धावत यायचे. पोहोचेपर्यंत लाखेचा खडा व्हायचा. तीनदा धावले. तिसऱ्या वेळेला ते शिक्का मारायला वाकले आणि शिक्का त्या खड्यावर टक्कन वाजून बाजूला उडाला. डुबलांचे आचारी झारे हातात धरून पाहत उभे होते. त्यांनी इतकी करमणूक कुठल्या लग्नात पाहिली नसेल.

"पोती हिरीकडं न्हिऊया," दस्तगीर म्हणाला. "मी उचलतो. येकटा."

"नाही," रावसाहेबांनी हात वर केला. "पंचनाम्यात 'जागेवर सील केले' असं असतं. सील न करता माल जागेवरून हलला, तर तुझा वकील कोर्टात म्हणणार, वाटेत पोलिसांनी बदलला. सुटशील. मला सगळं कळतं."

"मी वकील देनार न्हाई. लिवून देतो."

"ते तुझं लिहून देणंसुद्धा पंचांसमक्ष लागेल."

दोन वाजत आले होते. मटणाला तिखट घातल्याचं वासावरून कळत होतं, आणि सगळ्यांच्याच पोटात कावळे कोकलत होते. रावसाहेबांनी घड्याळ पाहिलं, पडवीकडे पाहिलं, आणि शासन भुकेलेलं असताना जसं वागतं तसं वागायला सुरुवात केली.

"इथेच. आत्ता. पेटवा."

पिसाळांनी पेटवली. दस्तगीरने बोटांनी विझवली. पिसाळांनी अंग आडवं घालून पुन्हा पेटवली, ती विझवली जावी अशीच मनातून त्यांची इच्छा असावी. दस्तगीरने त्यांचा हात बाजूला सारला आणि डोक्यावरची टोपी मेणबत्तीवर पालथी घातली.

"सरकारी कामात अडथळा!" रावसाहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात थोडा आनंदच होता, कारण आता गुन्ह्याला नाव मिळालं होतं. "देवकाते, पाहिलंत ना तुम्ही? तीनदा. पंच म्हणून पाहिलंत ना?"

"पाहिलं, रावसाहेब."

"ह्याला जीपमध्ये बसवा."

आमच्या जीपच्या ड्रायव्हरने येऊन दस्तगीरच्या दंडाला धरलं. जाता जाता दस्तगीर माझ्यापाशी थांबला. "मोजनीदार सायेब, तुमी शिकल्यालं हाय. तुमी सांगा की त्येंला. तुमचं ऐकतील."

माझं कोण ऐकणार होतं? पण सांगितलं असतं तर निदान मी ऐकलं असतं. मी साखळी गुंडाळायला लागलो. गुंडाळलेली साखळी मी पुन्हा गुंडाळली. फाटकाबाहेर तीस-चाळीस पावलांवर जीप उभी होती, तिच्या मागच्या बाकावर दस्तगीरला बसवलं. तिथून ओटा समोरच दिसत होता.

चौथ्यांदा मेणबत्ती पेटली.

पिसाळांनी लाख धरली. पहिला थेंब गाठीवर पडला, दुसरा पडला. तिसरा जळता होता, तो गाठीवरून घरंगळून पोत्यावर गेला. पोत्याच्या विणीत काळी धूळ बसलेली होती. आधी नुसतं 'फुस्स' झालं. डोळ्यांपुढे पांढरं पडलं. मी पळालो. शेतांची, गावठाणांची, ओढ्यांची अंतरं मी आयुष्यभर मोजली, पण त्या दिवशी मी किती लांब पळालो ते मोजलेलं नाही.

वळून पाहिलं तेव्हा दस्तगीर ओट्यावर होता. जीपमधून त्याने उडी कधी मारली, कुणाला कळलं नाही. एका हाताने त्याने पिसाळांना पट्ट्याला धरून मागे फेकलं आणि दोन्ही हातांनी ते पेटतं पोतं कवळून पाण्याच्या पिपात घातलं. ते पोतं तसंच फुटतं, तर पिसाळांच्या बायकोच्या कपाळाचं कुंकू गेलं असतं आणि मलाही ही गोष्ट लिहिता आली नसती. पण टोपल्या राहिल्या. नळे पेटले, बाण सुटले. शेडचं पाचट क्षणात धडधडलं. जत्रेची नऊ दिवसांनंतरची सगळी शोभा भर दुपारी दोन वाजता, वरातीशिवाय आणि देवाशिवाय उडाली. एक बाण सरळ अडतीस मीटर साठ सेंटिमीटर गेला आणि डुबलांच्या ताडपत्रीत घुसला. आचारी बुंदी टाकून पळाले. मटण जळालं.

पिसाळांच्या भुवया आणि निम्मी मिशी गेली. रावसाहेब कुंपणावर पडले होते, त्यांना काटे लागले. दस्तगीरच्या दोन्ही हातांची कातडी कोपरापर्यंत सोललेली होती, आणि तो हात समोर धरून उभा होता. ओरडत नव्हता. "पिसाळ, जित्ता हायस न्हवं?" एवढंच त्याने विचारलं.

त्याला जीपने तालुक्याच्या दवाखान्यात पाठवलं. मग रावसाहेबांनी लिंबाखाली सतरंजी अंथरायला लावली आणि तोंडाची काजळी न पुसता पंचनामा सांगायला घेतला. पिसाळ लिहीत होते. मिशी निम्मी राहिली होती, पण अक्षर सरकारी होतं.

"'सील करण्याचे काम शांततेत सुरू असताना,'" रावसाहेब म्हणाले, "'आरोपीने पुरावा नष्ट करण्याच्या हेतूने वाहनातून पळून येऊन मुद्देमालास आग लावली. सदर आगीत श्री. डुबल यांच्या मिळकतीचेही नुकसान झाले.' लिहिलं? खाली लिहा, 'आरोपीने सही करण्यास नकार दिला.'"

पिसाळांचं पेन थांबलं. "रावसायब, सही कशानं करनार? हात कुठं राहिल्यात त्येला?"

"म्हणजे नकारच ना? केली का सही? नाही केली. लिहा."

मग कागद माझ्याकडे आला. 'वरील पंचनामा आम्हा पंचांसमक्ष केला असून तो आम्हास वाचून दाखवला, बरोबर आहे.' मॅनेजरची सही सकाळीच झालेली होती, त्यामुळे वाचायचा प्रश्न माझ्यापुरताच होता. मी दोनदा वाचला. रावसाहेब म्हणाले, "देवकाते, तुमच्या साहेबांशी माझं बोलणं आहे. तुमच्या कामाबद्दल चांगलंच सांगणार आहे मी." मी सही केली. खाली तारीख टाकली, आणि ती नीट वाचता यावी म्हणून पुन्हा गिरवली.

नोकरी कायम झाली. लग्न झालं. दस्तगीरचा परवाना अंतराच्या कारणावरून रद्द झाला. डुबलांनी पडवी पुन्हा घातली, या वेळी पक्की.

खटला उभा राहायला चार वर्षं लागली. समन्स आलं तेव्हा मला मुलगी झालेली होती. कोर्टाच्या आवारात पहिल्यांदा दस्तगीर दिसला. बाकावर बसला होता आणि त्याची बायको जैनबी त्याला बशीने चहा पाजत होती. हातांना लाल, ताणलेली नवी कातडी आली होती, बोटं एकमेकांना चिकटून आत वळली होती. नळ्यात दारू ठासायची सोडा, शर्टाचं बटणसुद्धा त्याच्याने लागत नव्हतं. त्याने मला ओळखलं आणि मान हलवली. मी चार वर्षं स्वतःला समजावलं होतं, की या माणसाच्या मनात माझ्याबद्दल राग नाही. ती मान पाहून माझी खात्रीच पटली. लाज वाटली, पण जरा हायसंही वाटलं.

पिंजऱ्यात उभा राहून शपथ घेतली. सरकारी वकिलांनी विचारलं, "आरोपीने मेणबत्ती विझवली का?"

"हो."

"किती वेळा?"

"तीन वेळा," मी म्हणालो. आवाज स्पष्ट होता. खरं बोलताना माणसाचा आवाज किती छान लागतो, हे मला त्या दिवशी कळलं.

"पुरे," सरकारी वकील म्हणाले.

मग दस्तगीरचे वकील उठले. कोर्टाने दिलेले फुकटातले वकील, हातात आणखी चार खटल्यांचे कागद. त्यांनी एकच प्रश्न विचारला. "चौथ्या वेळी, आरोपी जीपमध्ये असताना, मेणबत्ती कुणी पेटवली?"

रावसाहेब समोरच्या बाकावर बसले होते. आता ते तहसीलदार झाले होते. पंचनाम्याखाली माझी गिरवलेली तारीख होती.

"आठवत नाही," मी म्हणालो.

विझवली कुणी, ते आठवलं. पेटवली कुणी, ते आठवलं नाही. न आठवायला काय झालं? पिसाळांनी चौथ्या वेळी काडीपेटी खाली ठेवली होती. "रावसायब, माझ्याच्यानं न्हाई हुयाचं," ते म्हणाले होते. रावसाहेबांनी माझ्याकडे वळून म्हटलं होतं, "देवकाते, तुम्ही पेटवा. साखळी काय, नंतरही गुंडाळता येईल." पहिल्या काडीचं गूल उडालं. दुसरी लागली. मी ती वातीला लावली आणि वारा लागू नये म्हणून वर तळहात धरला.

न्यायाधीशांनी निकाल मोठा शिस्तीचा दिला. मुद्देमाल कोर्टासमोर नाही, त्याची रासायनिक तपासणी नाही, तेव्हा तो पदार्थ स्फोटक होता हे सिद्ध होत नाही. म्हणजे चार वर्षांपूर्वी माझ्या डोळ्यांदेखत जे उडालं, ते कायद्याने उडालंच नव्हतं. आग कुणी लावली याबद्दल संशय राहतो, त्याचा फायदा आरोपीला. दोन्ही गुन्ह्यांतून सुटका. राहता राहिला सरकारी कामात अडथळा. मेणबत्ती तीन वेळा विझवल्याचा पुरावा मात्र निःसंशय आहे. सरकारी पंचाने तो शपथेवर दिला आहे. तीन महिने साधी कैद.

त्या सगळ्या खटल्यात मी एक वाक्य खरं बोललो, आणि म्हाताऱ्याला शिक्षा झाली ती नेमकी त्या वाक्याची.

शिपाई त्याला बाहेर घेऊन आला तेव्हा मी व्हरांड्यात उभा होतो. बेड्या घालायला मनगट धड नव्हतं म्हणून शिपायाने नुसता दंड धरला होता. जैनबी कागदाच्या पुडीत त्याच्या गोळ्या बांधत होती. मला वाटलं, आता तरी बोलावं. निदान आभार मानावेत.

"मामा," मी म्हणालो, "जीपमधून तुम्हाला ओटा दिसत होता. मी काडी ओढलेली तुम्ही पाहिली होती. चार वर्षांत एकदाही माझं नाव घेतलं नाहीत. तुमचे उपकार..."

त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. काहीतरी चुकीचं ऐकल्यासारखा तो चेहरा होता.

"घेतलं हुतं की," दस्तगीर म्हणाला. "दवाखान्यात पिसाळ जबाब घ्यायला आला, तवाच घेतलं. दोनदा सांगितलं. पर त्यो म्हनाला, मोजनीदारांचं नाव पंचाच्या रकान्यात आदीच लिवलंय, आता आरोपीच्या रकान्यात बसत न्हाई."